शेतांत वाकलेली आकृति

निसर्गदृश्यांत माणूस काढणें दिसतें तितकें सोपें नाहीं. झाड कसेंहि वाकलें तरी झाडच राहतें. माणूस मात्र जरा चुकला कीं वरून चिकटविल्यासारखा दिसूं लागतो. कोंकणांतील भातलावणीचें एक जलरंगी चित्र आम्हीं हौसेनें केलें होतें. त्यांतली बाई वाकलेली होती खरी, पण तिचे पाय चिखलांत मुळीं रुतलेच नव्हते!

ही अडचण थोरांनाहि चुकली नाहीं. फ्रेंच चित्रकार झां-फ्रांस्वा मिले (१८१४–१८७५) हा नॉर्मंडींतील शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणीं शेतांत राबलेला. तरीहि पॅरिसमध्यें देलारोशच्या हाताखालीं त्याला शिकावयास मिळाला तो नमुना म्हणून स्थिर उभा केलेला देह. १८४९ सालीं तो बार्बिझों या खेड्यांत राहावयास गेला आणि तेथें त्याचें खरें शिक्षण सुरू झालें, असें आम्हांस वाटतें. शेतांत पाहावें आणि घरीं येऊन बव्हंशीं आठवणीनें रंगवावें, ही त्याची रीत. आठवणींत नाकडोळे पुसट होतात. श्रमाची रेषा तेवढी उरते.

१८५७ सालच्या त्याच्या प्रसिद्ध चित्रांत तीन बायका सरवा वेचीत आहेत. एक शोधते आहे, दुसरी उचलते आहे, तिसरी अर्धवट वाकलेली आहे. तिघी मिळून जणूं एकच हालचाल पुरी होते. क्षितिज इतकें उंच धरलें आहे कीं पुढें वाकलेल्या दोघी जमिनींतच कोंडल्यासारख्या वाटतात. मागें दूरवर धान्याच्या गंजी, भरलेली गाडी, घोड्यावरचा मुकादम. सुगी तिकडे; इकडे गळालेल्या लोंब्या. १८४८ ची क्रांति ज्यांच्या स्मरणांत ताजी होती अशा कांहीं टीकाकारांना या मुक्या पाठींतहि बंडाचा वास आला.

योगायोग असा कीं, त्याच १८५७ सालीं मुंबईंत जमशेटजी जीजीभाईंच्या देणगींतून कलाशाळा सुरू झाली. आमचीं मुलें तेथें ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून देह काढावयास शिकलीं. हात बसण्यास हें उपयोगी, यांत शंका नाहीं. पण प्लॅस्टरच्या देवतेची कंबर कधीं दुखत नाहीं.

व्हॅन गॉग यानें हें नेमकें ओळखलें होतें. १८८० सालीं चित्रकला हातीं घेतल्यावर त्यानें मिलेचा ‘पेरणारा’ छापील प्रतीवरून गिरविला. पुढें १८८५ सालीं न्यूनेन या डच खेड्यांतून त्यानें भावाला लिहिलें त्याचा आशय असा : खणणाऱ्या माणसाचें छायाचित्र घेतलें तर त्यांत तो खात्रीनें खणीत नसतो. १८८९ मध्यें सें-रेमीच्या मनोरुग्णालयांत नमुन्याला माणसें मिळेनात, तेव्हां त्यानें मिलेच्या चित्रांच्या छापील प्रती पुन्हां समोर घेतल्या आणि त्या रंगांत उतरवावयास बसला.