बाटलीवरचे सील

ग्रेहाउंड शर्यतींतल्या औषध-चाचणीकडे वळणारा वाचक बहुधा रसायनशास्त्राच्या दारातून आत येतो. कुत्र्याच्या लघवीत एखादे औषध किती दिवस सापडते, यंत्र ते किती सूक्ष्म प्रमाणात पकडते, हे त्याला जाणून घ्यायचे असते. त्या दारातून खुशाल यावे. मात्र आत बरीचशी भांडणे निराळ्याच गोष्टींवरून चालतात, हे आधीच सांगून ठेवतो. बाटली कोणी भरली, सील कोणी केले, मधल्या वेळात ती कोणाच्या ताब्यात होती आणि हे सगळे कोणत्या नियमाने चालले होते, यावर तिथे खल होतो.

आपल्याकडे महालक्ष्मीचे घोडे आहेत, घाटातले बैलगाडे आहेत. कुत्र्यांचे असे ट्रॅक नाहीत. त्यामुळे थोडी पूर्वपीठिका द्यायला हवी. यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवण्याची कल्पना अमेरिकेतली. जुलै 1926 मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू ट्रॅकवर ती ब्रिटनमध्ये आली आणि 1928 पर्यंत तिथे नियामक संस्थाही उभी राहिली. इतकी घाई का, ते उघड आहे. या खेळाचा जीव सट्ट्यात आहे, आणि सट्ट्यामागे लबाडी आलीच.

‘उत्तेजक’ हा आपला शब्द इथे अर्धाच लागू पडतो. कुत्र्याला जास्त वेगाने पळवण्यापेक्षा सुस्त करणे कितीतरी सोपे, आणि प्रतिस्पर्धी सुस्तावले की उरलेल्या कुत्र्याचे फावते. डिसेंबर 1945 मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये कोणीतरी चोरून आत शिरले आणि कुत्र्यांना क्लोरेटोन हे गुंगीचे औषध घातलेले माशाचे तुकडे खाऊ घातले. शर्यतीत बरेचसे कुत्रे झोकांड्या खाऊ लागले. बाल्ड ट्रुथ नावाचा कुत्रा धड पळाला आणि जिंकला. त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांचे उखळ पांढरे झाले. शर्यतीआधी कुत्र्यांना कुलूपबंद ठेवण्याच्या नियमाची पुढे जी कडक अंमलबजावणी झाली, तिचे मर्म अशा प्रसंगांत आहे.

आताच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीपुढे असला मासा टिकणार नाही. पण यंत्र जितके तीक्ष्ण, तितका निवाडा अवघड. खसखस लावलेल्या पावातून मॉर्फिन येते, चॉकलेटमधून थिओब्रोमीन. आजारी जनावराला पेनिसिलिनबरोबर टोचलेले प्रोकेन त्याच्या मांसातून कुत्र्याच्या लघवीत उतरते. कोबाल्ट तर जीवनसत्त्व बी-12 चाच घटक. तो अजिबात नको, असे म्हणताच येत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियात लिटरभर लघवीला 100 मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घालावी लागली. आर्सेनिकचीही तीच गत. वाळवी लागू नये म्हणून आर्सेनिकयुक्त रसायन मुरवलेले लाकडी खांब कुत्रा चघळत होता, हा ट्रेनरचा बचाव ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण रसायनशास्त्र त्याला खोटा म्हणत नाही.

म्हणूनच या क्षेत्रात जबाबदारीचे तत्त्व निष्ठुर ठेवले आहे: औषध शरीरात कसे गेले ते सिद्ध होवो न होवो, कुत्रा ज्याच्या ताब्यात, उत्तर त्याने द्यायचे. नोव्हेंबर 2020 मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये जिंकलेल्या झिपिंग सारा या कुत्रीच्या नमुन्यात मेथॅम्फेटामाइन सापडले. ते तिच्या पोटात कसे गेले, हा प्रश्न निकालाच्या आड आला नाही; ट्रेनरला शिक्षा झाली. मला हे तत्त्व पटते. कुत्र्याला साक्षीला बोलावता येत नाही, तेव्हा त्याला सांभाळणाऱ्यालाच बोलावे लागणार.

पण त्याच मापाने नियामकालाही मोजावे लागते, आणि त्याचा धडा फ्लोरिडात मिळतो. 2017 मध्ये तिथे अनेक ग्रेहाउंडांच्या लघवीत कोकेनचे अंश सापडले. ट्रेनरवर कारवाई सुरू झाली. आरोपींच्या बाजूने नमुना घेण्याच्या पद्धतीलाच आव्हान दिले गेले. ही पद्धत 2010 च्या एका पुस्तिकेत लिहिलेली होती, पण ती पुस्तिका रीतसर नियम म्हणून कधी मंजूरच झाली नव्हती. डिसेंबर 2017 मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी ती अवैध ठरवली. नियामक खात्याला तातडीने नवा नियम काढावा लागला, आणि कोकेनच्या प्रकरणांतल्या कारवाया मागे पडल्या. लघवीत कोकेनचे अंश होते की नव्हते, हा प्रश्न तिथे गौणच राहिला. चुकले ते कागदावर. मग पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2018 मध्ये, फ्लोरिडाच्या मतदारांनी सुमारे 69 टक्के मतांनी या शर्यतीच बंद करून टाकल्या. औषधांच्या बातम्यांनी मत किती फिरवले, ते मोजता येत नाही. पण प्रचारात कोकेन होते.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा मार्ग वेगळा. जिवंत प्राणी वापरून कुत्रे तयार केले जातात हे 2015 मध्ये उघड झाले. चौकशी झाली, जुलै 2016 मध्ये शर्यतींवर बंदी जाहीर झाली आणि ऑक्टोबरमध्ये मागेही घेतली गेली. त्यातून निघालेली सुधारणा अशी, की खेळ वाढवणारे आणि त्यावर पहारा करणारे हात वेगळे केले गेले. जुलै 2018 पासून पहाऱ्यासाठी स्वतंत्र आयोग काम करू लागला. ज्याचे उत्पन्न शर्यतीवर अवलंबून आहे त्याने शर्यतीची अब्रू घालवणारा नमुना स्वतःच जाहीर करावा, ही अपेक्षाच भाबडी होती. ब्रिटनमध्ये आणि आयर्लंडमध्ये हा वाद अजून मिटलेला नाही.

डिसेंबर 2024 मध्ये न्यूझीलंडनेही शर्यती बंद करण्याचे जाहीर केले. कदाचित हा खेळ संपूनही जाईल. त्याचे दप्तर मात्र बरेच मोठे आहे. नव्या अभ्यासकाने सुरुवात प्रयोगशाळेच्या अहवालापासून करू नये. आधी नमुना घेणाऱ्याची नोंद काढावी: कुत्रा किती वाजता आत घेतला, लघवी कोणासमोर घेतली, बाटलीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळतो का. एखाद्या ओळीत शाई बदललेली दिसली, तर तिथे थांबावे.