बुल्ला आणि पांढरा टोगा

* बुल्ला : रोमन मुलाच्या गळ्यातला ताईत. साधारण १४ ते १६व्या वर्षी तो उतरवून घरच्या देवांपुढे ठेवत आणि मुलगा पांढरा टोगा पांघरी. त्यासाठी १७ मार्चचा लिबेरालिया सण विशेष पसंतीचा. मात्र वडील हयात असेतो कायद्याने सत्ता त्यांचीच. आपल्याकडेही मान आणि अधिकार बरोबरीने येत नसत. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांची जहागीर ते अज्ञान असताना चुलते गंगाधरराव सांभाळत. पुढे बेबनाव होऊन १८०१मध्ये मिरज-सांगली वेगळी झाली. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८०८मध्ये गादीवर आले. पण आधी पेशव्यांचा बंदोबस्त, मग इंग्रजांच्या कॅप्टन ग्रँटची देखरेख. पूर्ण कारभार हाती आला तो १८२२मध्ये. टोगा पांघरलेला नायक वडिलांना विचारल्याशिवाय जमीन विकू शकत नाही, हे वाचकाने पुढील प्रकरणात ध्यानात ठेवावे. — संपादक