फिरत्या घराची सुरक्षितता : बारामती-इंदापूर मार्गावरील मुक्काम

आषाढात श्रीसंत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा उंडवडी गवळ्याची येथून बारामतीकडे निघतो, तेव्हा दिंड्यांचे ट्रक बहुधा आधीच पुढे गेलेले असतात. त्यांत शिधा, भांडी, तंबू, अंथरूण-पांघरूण आणि शेकडो वारकऱ्यांच्या पिशव्या असतात. मुक्कामाच्या जागी ट्रकशेजारी राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात आणि पालखी येईपर्यंत एक छोटेसे गाव वसलेले असते. दुसऱ्या दिवशी हे गाव काटेवाडीमार्गे सणसरला, पुढे बेलवाडीचे रिंगण आटोपून निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असा प्रवास करीत नीरा ओलांडून अकलूजला पोहोचते. वाहनालाच घर मानून केलेल्या प्रवासाचे याहून जुने आणि मोठे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

याच रस्त्यावर अलीकडे दुसऱ्या प्रकारचे फिरते घरही दिसू लागले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेले वाहन घेऊन कुटुंबे बाहेर पडतात. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ परिसरात रोहित पक्षी पाहण्यासाठी, तर एरवी नीरा-भीमा संगमावरील नीरा नरसिंहपूरच्या दर्शनासाठी हा परिसर त्यांना सोयीचा वाटतो.

ट्रक असो वा कॅराव्हॅन, सुरक्षिततेचा प्रश्न एकच आहे. लॉज किंवा धर्मशाळेला भिंत असते, फाटक असते, रखवालदार असतो, शेजार ओळखीचा असतो. फिरत्या घराला यांपैकी काहीच नसते आणि त्याची जागा रोज बदलते. म्हणून भिंतीचे काम शिस्तीने करावे लागते. दिंडीने ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. कॅराव्हॅनमधील चौघांच्या कुटुंबालाही ती उपयोगी पडणारी आहे.

मुक्कामाची जागा

मुक्कामाची जागा उजेडातच ठरवावी, हा पहिला नियम होय. अंधार पडल्यावर दमलेला चालक मिळेल तेथे गाडी उभी करतो आणि बहुतेक अडचणींची सुरुवात तेथूनच होते. पेट्रोल पंपाचे आवार, देवस्थानचे भक्तनिवास, ओळखीच्या शेतकऱ्याचे खळे किंवा रीतसर कॅराव्हॅन पार्क या जागा रस्त्याकडेच्या मोकळ्या माळापेक्षा केव्हाही बऱ्या. जागा खासगी असल्यास मालकाची परवानगी आधी घ्यावी. गावाजवळ थांबल्यास पोलीस पाटलाच्या कानावर घालावे. परक्या वाहनाविषयी गावाला वाटणारा संशय त्यामुळे दूर होतो आणि रात्री हाक मारल्यास धावून येणारे कोणीतरी आहे, ही खात्रीही मिळते.

गाडी उभी करताना तिचे तोंड बाहेर पडण्याच्या वाटेकडे ठेवावे. पुढे दुसरे वाहन लावू देऊ नये. धोका वाटल्यास खाली न उतरता, सामान न आवरता निघता आले पाहिजे. डोक्यावरून विजेच्या तारा जात आहेत का, जमीन काळी व पावसाने फुगणारी आहे का, जवळ ओढा आहे का, हे पाहूनच मुक्काम करावा. आषाढातील एका सरीत काळ्या रानात जड वाहनाची चाके रुततात आणि निघण्याची वेळ हातातून जाते.

उभ्या वाहनाचा धोका

पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे तोंडले-बोंडलेपर्यंत जाणाऱ्या श्रीसंत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. हा राष्ट्रीय महामार्ग ९६५-जी होय. पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट ठेवण्याची कल्पना या आराखड्यातच आहे. ती का आवश्यक आहे, हे दोन घटनांवरून कळते. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात संत नामदेव महाराजांच्या दिंडीत जेसीबी घुसला आणि सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोल्याजवळ जुनोनी येथे कोल्हापूर जिल्ह्यातून निघालेल्या दिंडीत मोटार शिरली. त्यात सात वारकरी दगावले.

चोराची भीती सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात रस्त्याकडेला थांबलेल्या माणसाला मागून येणाऱ्या वाहनाचा धोका अधिक असतो. म्हणून डांबरी रस्त्याच्या कडेवर मुक्काम करूच नये. बिघाडामुळे थांबावे लागल्यास चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, परावर्तक त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागे ठेवावा आणि सर्वांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. गाडीत किंवा गाडीमागे बसून मदतीची वाट पाहू नये.

गळीत हंगामात या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, इंदापूर येथील कारखान्यांकडे रात्रंदिवस उसाची वाहतूक चालते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आणि उसाने भरलेली बैलगाडी यांना मागे दिवा वा परावर्तक नसेल, तर ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. मोठे वाहन चालविणाऱ्याने या काळात अंधारानंतरचा प्रवास टाळावा. दिंडीच्या तळावर तर निघण्यापूर्वी ट्रकखाली वाकून पाहण्याची सवय चालकाने लावून घेतलीच पाहिजे, कारण सावलीसाठी वा पावसापासून आडोसा म्हणून माणसे चाकांजवळ झोपतात. एक माणूस मागे उभा केल्याशिवाय गाडी मागे घेऊ नये.

दार, किल्ली आणि ऐवज

दिंडीत सामानावर नाव व दिंडी क्रमांक लिहिण्याची पद्धत आहे. वाहनावरही क्रमांक असतो. माउलींच्या सोहळ्यात सायंकाळच्या समाज आरतीच्या वेळी हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते. वस्तू परत मिळते ती तिच्यावर ओळख असते म्हणून. प्रवाशांनीही पिशवी, मोबाइल, औषधांचा डबा यांवर नाव आणि घरच्या माणसाचा क्रमांक लिहावा. वृद्ध व लहान मुलांच्या खिशात अशी चिठ्ठी अवश्य असावी.

दागिने घरीच ठेवावेत, हे सर्वांत स्वस्त संरक्षण होय. गर्दीत गळ्यातील मंगळसूत्र व साखळी हेच चोरांचे पहिले लक्ष्य असते. रोकड एकाच ठिकाणी न ठेवता दोघा-तिघांत वाटावी. गाडीची दुसरी किल्ली चालकाखेरीज दुसऱ्या जबाबदार व्यक्तीजवळ असावी. रात्री दार आतून लावावे. आत माणसे झोपली असताना बाहेरून कुलूप कधीही घालू नये. किल्लीची जागा ठरलेली व अंधारात हाताला सापडेल अशी असावी. रात्री कोणी दार वाजविल्यास दार न उघडता काचेआडून बोलावे. समोरचा स्वतःला पोलीस म्हणवीत असेल, तर ११२ वर दूरध्वनी करून खात्री करून घेण्यात गैर काही नाही.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न बहुतेक वेळा स्वच्छतागृहाच्या वाटेवर निर्माण होतो. ही वाट उजेडाची असावी, बॅटरी जवळ असावी आणि रात्री एकटीने जाऊ नये. तळाची आखणी करणाऱ्यांनी राहुट्या उभारण्यापूर्वी हा विचार करावा.

गॅस आणि न दिसणारा धूर

फिरत्या घरात चूल आणि अंथरूण यांत चार हातांचेही अंतर नसते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. वरची खिडकी उघडी असूनही तो बाहेर जात नाही. म्हणून सिलिंडर उभा, घट्ट बांधलेला आणि झोपण्याच्या भागापासून वेगळा असावा. प्रवासात व रात्री रेग्युलेटर बंद ठेवावा. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये, दारे उघडून सर्वांना बाहेर काढावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

याहून कपटी शत्रू कार्बन मोनॉक्साइड हा होय. त्याला रंग नाही, वास नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला हा वायू गाडीत शिरल्याचे तपासात निष्पन्न झाले. बंद गाडीत वातानुकूलनासाठी जनरेटर चालू ठेवून झोपणे, थंडीसाठी कोळशाची शेगडी आत घेणे किंवा पावसामुळे ट्रकच्या ताडपत्रीखाली स्टोव्ह पेटवून दारे लावणे, या तिन्ही गोष्टी प्राणघातक आहेत. एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले, तर ते प्रवासाचा शीण समजून झोपू नये. ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. हा वायू ओळखून घंटी वाजविणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. कॅराव्हॅन भाड्याने घेताना ते, अग्निशामक नळकांडे आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

पाण्याचा मोह

उजनीचे पाणी काठावरून शांत दिसते. २१ मे २०२४ रोजी इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि करमाळा तालुक्यातील कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. पक्षी पाहण्यासाठी होडीत बसणाऱ्यांनी जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाय ठेवू नये आणि वारा सुटल्यास फेरी रद्द करावी. नीरेच्या स्नानासाठी उतरताना स्थानिकांनी दाखविलेला घाट सोडून दुसरीकडे जाऊ नये.

विम्याची अडचण

मालवाहू ट्रकमध्ये बसून जाणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अशा वाहनाचा विमा त्यात बसलेल्या प्रवाशांसाठी नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात डिसेंबर २००२ मध्ये दिलेल्या निकालानुसार मालवाहू वाहनातील प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालक वा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांनाच संरक्षण दिले. याचा अर्थ, थकलेल्या आजीबाईंना दयेपोटी ट्रकच्या हौद्यात बसविले आणि अपघात झाला, तर तिच्या कुटुंबाला विमा कंपनीकडून काही न मिळण्याची शक्यता मोठी आहे. चालू न शकणाऱ्यांसाठी दिंडीने प्रवासी परवान्याचे वाहन वेगळे ठेवावे. खर्च वाढेल, पण हा खर्च टाळण्याजोगा नाही.

प्रसंग ओढवल्यास

पोलीस, अग्निशमन व अन्य तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक गाडीत दर्शनी भागी लिहून लावावेत. क्रमांक लावण्याइतकेच आपण कोठे आहोत हे सांगता येणे महत्त्वाचे आहे. म्हणून मुक्कामी पोहोचताच गावाचे नाव आणि जवळची खूण सर्वांनी पाठ करावी व घरी कळवावी.

चोरी बारामतीत झाली आणि लक्षात इंदापुरात आली, तर तक्रार कोठे द्यावी, हा प्रश्न प्रवाशांना पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत त्यावर स्वाक्षरी करावी लागते. नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेत निश्चित केलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. पैशाअभावी जखमीला ताटकळत ठेवू नये.

मोजदाद

दिंडीत कोण आले, कोण मागे राहिले, याची चौकशी विणेकऱ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे करतात. पंगतीत एक जागा रिकामी दिसली की शोध सुरू होतो. फिरत्या घरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही रीत उचलावी. रात्री दिवा मालविण्यापूर्वी माणसे मोजावीत, गॅस बंद असल्याचे पाहावे, किल्ली जागेवर आहे याची खात्री करावी आणि हे काम रोज कोणी करायचे तेही ठरवून ठेवावे. सकाळी गाडी हलविण्यापूर्वी पुन्हा एकदा माणसे मोजावीत. या सवयीला पैसा लागत नाही. पंढरीची वाट असो वा पक्ष्यांची, निघालेले सगळे सुखरूप परत येणे, हेच प्रवासाचे पहिले साध्य होय.