‘फॉक्सग्लव्ह’ : एका वनस्पतिनामाची व्युत्पत्ती

विल्यम विदरिंग याने १७८५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथामुळे ‘फॉक्सग्लव्ह’ ही वनस्पती वैद्यकात प्रसिद्धीस आली. भाषाभ्यासकास मात्र तिच्या नावाचे कोडे अधिक आकर्षक वाटते. ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा आणि ‘ग्लव्ह’ म्हणजे हातमोजा. परंतु कोल्ह्याला हातमोजा कशासाठी?

या विसंगतीचा परिहार करणारी एक उपपत्ती छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक, विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट, याने १८४७ च्या आपल्या व्युत्पत्तिविषयक ग्रंथात मांडली. त्याच्या मते मूळ नाव ‘फोक्स ग्लव्ह’, म्हणजे ‘लोकांचा हातमोजा’, असे असावे. आणि हे लोक म्हणजे लोकसमजुतीतील ‘भली मंडळी’, अर्थात पऱ्या. वेल्श भाषेत या फुलांना ‘पऱ्यांचे हातमोजे’ अशा अर्थाचे नाव आहे, हा त्याचा आधार.

उपपत्ती रम्य खरी; परंतु लिखित पुरावा तिच्या विरुद्ध आहे. अँग्लो-सॅक्सन काळातील वनौषधिविषयक लेखनात ‘फॉक्सेस ग्लोफा’ असे रूप आढळते. त्यातील ‘फॉक्सेस’ हे ‘फॉक्स’चे षष्ठी एकवचन होय. ‘लोक’ या अर्थाचा शब्द त्या काळी ‘फोल्क’ असा असून त्यातील ‘ल्’ उच्चारला जात असे; तो पुष्कळ उत्तरकाळी लोपला. ज्या ध्वनिसाम्यावर टॉलबटची कल्पना उभी आहे, ते नाव रूढ झाले तेव्हा अस्तित्वातच नव्हते. कोशकार वॉल्टर स्कीट यानेही ही कल्पना त्याज्य ठरविली. नॉर्वेजियन भाषेत हीच वनस्पती ‘कोल्ह्याची घंटा’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते, हेही लक्षणीय आहे.

उत्तरपदाचे कारण फुलाच्या आकारात आहे. जर्मन भाषेत तिला ‘फिंगरहूट’, म्हणजे शिंप्याचे अंगुस्तान, म्हणतात. त्यावरूनच लेओनहार्ट फुक्स याने १५४२ मध्ये ‘डिजिटॅलिस’ हे लॅटिन नाव योजिले. पूर्वपदातील प्राण्याचेही नवल वाटावयास नको. गोकर्ण, उंदीरकानी ही आपल्याकडील नावे याच धाटणीची आहेत. गाईने वा उंदराने त्या वेलींशी काही संबंध ठेवावा अशी अपेक्षा आपण करीत नाही.

अर्थ विचित्र वाटला म्हणून रूप बदलून घेणे, हा व्युत्पत्तिशास्त्रातील जुना मोह आहे. आपल्या ग्रामनामांच्या व वनस्पतिनामांच्या अभ्यासातही तो पदोपदी आढळतो. अशा प्रसंगी प्रथम जुने रूप पाहावे, ध्वनिपरिवर्तनाचा काळ ताडून पाहावा, आणि मगच कथेकडे वळावे.