पैसा जनतेचा, मग ज्ञान कुणाचे?

1923 साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला : सरकारी पैशातील पाणवठे अस्पृश्यांना खुले. तरी 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांना हक्क बजावावाच लागला.

ज्ञानाचे तळे आजही कुलूपबंद आहे. संशोधन सर्वांना मोफत वाचता यावे, ही मागणी 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने केली. केंद्राने मात्र 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांचे 6000 कोटी मंजूर केले. ही प्रकाशकांची वर्गणी. लाभ सरकारी संस्थांतल्यांनाच. शिक्षण संपवून वस्तीत काम करणारा कार्यकर्ता दाराबाहेरच!

मित्रांनो, विद्यापीठ ग्रंथालयांनी नुसती वर्गणी भरू नये. आपल्या प्राध्यापकांचे संशोधन स्वतः ऑनलाइन खुले करावे. हे मागणे म्हणजे उपकार नव्हे, हक्क आहे.

जय भीम!