डोंगरावरचा मठ

सावेडीत राहणाऱ्या आम्हां नगरकरांना इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला, चाँदबीबी आणि निजामशाही आठवते. १४९० साली अहमद निजामशहाने शहर वसविले, तेथूनच आपला भूतकाळ सुरू होतो, अशी जणू आमची समजूत. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडावर त्याहून कितीतरी जुना एक संसार दगडात उभा आहे. तो संसार आहे जोग्यांचा!

पाचनईहून गड चढून गेले की हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ लागते. घडणीवरून ते अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचे मानतात. उंची सुमारे १६ मीटर. भोवती प्राकार, कडेला कातळात कोरलेल्या गुहा, पाण्याची टाकी आणि जवळच सप्ततीर्थ पुष्करणी. पूजेला देऊळ, निजावयास गुहा, प्यावयास टाके. मठाला आणखी काय लागते?

त्याच काळी युरोपात ख्रिस्ती साधूही मठ बांधीत होते. जाड भिंती आणि वाटोळ्या कमानी ही त्यांची रोमनेस्क शैली. आपल्या पाथरवटांनी खांबावर तुळई ठेवावी, वर शिळांचे थर आत आत सरकवीत छत मिटवावे. फ्रान्समध्ये क्लूनीचे प्रचंड मठमंदिर १०८८ साली बांधावयास घेतले. पुढे राज्यक्रांतीत साधू गेले, आणि मंदिर दगडांच्या मोलाने विकले गेले! आज त्याचा थोडा भाग तेवढा उरला आहे.

आपल्या मठातले जोगीही गेले. पण जाण्यापूर्वी त्यांनी मराठीला एक ठेवा दिला. शके १२३४ मध्ये, म्हणजे १३१२ साली, चांगा वटेश्वराने ‘तत्त्वसार’ हा ओवीबद्ध ग्रंथ याच गडावर रचला. १२९६ साली अल्लाउद्दीन देवगिरीवर कोसळून गेला होता, यादवांचे राज्य मोडकळीस आले होते. आणि येथे कोणी शांतपणे मराठीत तत्त्वविचार मांडीत होते. मला गडाची खरी थोरवी त्यात वाटते.

जवळच केदारेश्वराच्या गुहेत, गार पाण्यात, भले मोठे शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरला आहे. हे खांब म्हणजे चार युगे, चौथा पडला की जग बुडेल, असे लोक सांगतात. जगाचे काय व्हायचे ते होवो. तो खांब मात्र आपल्या हाती आहे. वाचकहो, गडावर अवश्य जा, पण दगडावर आपले नाव कोरू नका. देवळातल्या शिलालेखांत चांगदेवांचे नाव आहे, तेवढे पुरे.