चार महिन्यांचा कारखाना, चार इंचांचे चाक

रावेर तालुक्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या, लोखंडी फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या दुकानांत सहसा दोन-तीन माणसे राबतात. त्यांच्या हाताशी चार इंची चाकाचा ग्राइंडर असतो. ग्राइंडिंगच्या चाकासाठी १९४८ च्या भारतीय कायद्यात एक स्वतंत्र कलम होते. ते या दुकानांच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचले नाही. असे का, हे समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते, आणि तेही खानदेशातच.

ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. यंत्रांच्या धोकादायक भागांना आडोसा असावा, असे त्याने सांगितले. परंतु कारखाना कशाला म्हणावे? जेथे यांत्रिक शक्ती वापरली जाते, शंभर किंवा अधिक माणसे कामावर आहेत आणि जे वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ चालते, त्याला. ही शेवटची अट कापसाच्या हंगामाशी ताडून पाहावी. खानदेशातील सरकी काढण्याचे जिनिंग कारखाने वेचणीनंतर सुरू होत आणि हंगाम संपला की बंद पडत. म्हणजे सर्वांत घाईचे काम जेथे, तेथेच कायदा गैरहजर. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे याच कारखान्यांची हकीकत आली: पहाटे पाचच्या सुमारास सुरू झालेले काम रात्री दहापर्यंत, आणि माल तुंबला की दिवसरात्र. काम करणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या.

त्याच आयोगासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले होते. रविवारच्या सुटीची मागणी आज सर्वांना ठाऊक आहे. तिच्याच शेजारी असलेली दुसरी मागणी मात्र फारशी आठवली जात नाही: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर ३९ वर्षांनी, १९२३ मध्ये झाला.

दरम्यान कारखान्याची व्याख्या हळूहळू खाली उतरत होती. १८९१ मध्ये शंभराचे पन्नास झाले, १९११ मध्ये हंगामी कारखाने कक्षेत आले, १९२२ मध्ये संख्या वीसवर आली आणि १९४८ च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणांसाठी ती दहावर आणली. सुरक्षिततेचा हक्क माणसाला नव्हे, तर छपराखालच्या डोक्यांच्या बेरजेला मिळत राहिला, असे म्हणणे कठोर वाटले तरी चुकीचे नाही.

आता चाकाकडे वळू. गावोगाव हिंडणाऱ्या शिकलगाराची सहाण पायाने फिरे. पाय थांबला की चाकही थांबे. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी कार्बोरंडम हे कृत्रिम, अतिकठीण द्रव्य तयार केले आणि पुढे विजेच्या मोटरीने चाकाचा वेग माणसाच्या पायापासून कायमचा तोडला. १९४१ मध्ये उरणजवळ मोरा येथे ग्राइंडिंगची चाके बनवणारा देशातील पहिला कारखाना निघाला. १९४८ च्या कायद्याचे कलम ३० या जमान्याचे आहे. प्रत्येक यंत्राजवळ फलक असावा आणि त्यावर चाकाच्या कडेचा कमाल सुरक्षित वेग, दांड्याचा वेग आणि त्यासाठी लागणाऱ्या पुलीचा व्यास लिहावा, असे ते सांगत होते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जमिनीला बोल्टने जखडलेले यंत्र होते. सहाच वर्षांनी, १९५४ मध्ये, जर्मनीतील श्टाइनहाइम गावच्या आकरमान उंड श्मिट या कंपनीने हातात धरण्याचा अँगल ग्राइंडर बाजारात आणला. यंत्र फलक सोडून चालू लागले.

फलकावरचा मजकूर मात्र नाहीसा झाला नाही. तो चाकाच्या लेबलावर छापलेला असतो, आणि तेथील आकड्यांचा अर्थ साधा आहे. चार इंची चाक मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे ५७ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. अशी चाके सहसा ८० मीटरपर्यंत सुरक्षित मानलेली असतात. गार्ड काढून त्याच ग्राइंडरला सात इंची चाक लावले, की कडेचा वेग १०३ मीटरवर जातो. सात इंची चाकावर ८,५०० च्या आसपास फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते ती याचसाठी. चाक फुटते तेव्हा तुकडे याच वेगाने निघतात, आणि ते चाकाच्या रेषेत उभ्या असलेल्या माणसाकडे येतात. म्हणून नवे चाक लावल्यावर बाजूला उभे राहून मिनिटभर मोकळे फिरवतात. कटिंगचे पातळ चाक आडवे दाबून घासत नाहीत. चाक बदलण्यापूर्वी पिन काढतात. गळ्यातला रुमाल सोडून ठेवतात. चाकाच्या मधल्या कड्यावर मुदतीची तारीखही असते. चाक बांधणारी राळ ओलाव्याने आणि काळाने कमकुवत होते.

धुळीचा हिशेब अधिक संथ आहे. मंदसौरला विजेच्या करवतीवर दगडी पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्या ५९३ कामगारांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस होता. सुताराच्या सँडरखालचे सागवानही निरुपद्रवी नव्हे. इंग्लंडमधील फर्निचर कामगारांत नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण असल्याचे १९६० च्या दशकात उघड झाले आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारकांत घातली. तोंडाला बांधलेला रुमाल भुसा अडवतो, बारीक धूळ अडवत नाही. त्यासाठी एन-९५ दर्जाचा मुखवटा लागतो. शिवाय दगड ओला करून कापणे हा जुना उपाय आहेच. फक्त पाणी आणि साधा विजेचा ग्राइंडर यांची गाठ घालू नये, त्यासाठी वेगळी यंत्रे मिळतात.

गार्ड का काढतात, हा प्रश्न राहतो. हलगर्जीपणा, असे उत्तर सहज दिले जाते. एकोणिसाव्या शतकातील शेफील्डमध्ये सुके ग्राइंडिंग करणारे जेमतेम पस्तिशीपर्यंत जगत. तरीही धूळ ओढून नेणारी साधने त्यांनी नाकारली. एंगेल्सने १८४५ मध्ये नोंदवलेले कारण असे, की माणसे अधिक जगली तर कामगार वाढतील आणि मजुरी घसरेल. ते अज्ञान नव्हते, हिशेब होता. रावेरच्या दुकानातही गार्ड कोपऱ्यात अडतो, मोठे चाक अधिक दिवस टिकते आणि मजुरी नगावर ठरते.

२०२० च्या संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याची संख्या दहावरून पुन्हा वीसवर नेली. इतर आस्थापनांसाठी ती दहा आहे. दोन-तीन माणसांचे दुकान १८८१ मध्ये बाहेर होते तसे आजही बाहेरच आहे. तेथे कलम ३० चा अवशेष एवढाच: चाकाच्या लेबलावरचा तो आकडा, जो पहिल्या ठिणग्यांबरोबर काळा पडतो.